उलटा खांब

खोकं इतकं हलकं होतं की मला वाटलं, पोराने रिकामंच धाडलं. कुरियरवाला पावतीवर सहीऐवजी माझा शिक्का मागत दारात उभा आणि मी खोकं कानाशी धरून हलवतोय. आत काहीतरी सळसळलं.

"जिवंत नाही ना हो काही?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट शिक्का उमटवून घेतला आणि बिचारा दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेला.

आत पत्रा होता. पातळ सोनेरी पत्र्याची पोस्टकार्डाएवढी पानं आणि प्रत्येक पानावर कोरलेले मुंगीएवढे भाग. ते कापून, वाकवून, एकमेकांत अडकवून इमारत करायची म्हणे. झाकणावर चित्र होतं निक्कोच्या देवळाच्या दाराचं, योमेईमोनचं. जगभरातली माणसं बघायला येतात ते दार! मी उभा जन्म ती माणसं बसमध्ये भरून त्या दाराच्या पायथ्याशी नेऊन ओतली आणि भरून परत आणली. निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, सुटलो एकदाचा. तर ते दार माझ्या मागे घरी आलं, तेही पत्र्याचं.

संध्याकाळी रेईजीचा फोन आला. रेईजी माझा एकुलता एक मुलगा, नागोयाला असतो.

"बाबा, मिळालं का? वाढदिवसाचं आहे."

"वाढदिवस परवा होऊन गेला."

"अहो, म्हणजे... तुम्हाला जरा विरंगुळा. दिवसभर एकटे बसून काय करता?"

"दिवसभर एकटा बसतो. त्याला वेळ लागतो."

तो हसला. त्याला माझं बोलणं विनोदी वाटतं. मग म्हणाला, "सावकाश करा. घाई नाही. पूर्ण झालं की सांगा, मी बघायला येतो."

पूर्ण झालं की येतो. त्याने सहज टाकलेलं वाक्य, फोन ठेवायच्या आधी माणूस काहीतरी बोलतो तसं. पण मी ते दोन्ही हातांनी धरलं. सुमिएच्या, म्हणजे माझ्या गेलेल्या बायकोच्या, तिसऱ्या वर्षाच्या पूजेला तो आला होता, त्यानंतर नाही. कामं असतात, पोरीची शाळा असते, मला कळतं सगळं. कळलं म्हणून काय झालं?

तर मी तामोत्सु हानावा, कानुमाच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे एकट्या म्हाताऱ्यांनी सकाळी गच्चीच्या कठड्याला पिवळं फडकं बांधायचं असतं. फडकं दिसलं म्हणजे माणूस जिवंत आहे. संध्याकाळी काढून घ्यायचं. सकाळी फडकं दिसलं नाही तर शेजाऱ्याने येऊन दार वाजवायचं. माझं दार वाजवायचं काम समोरच्या इसोबेबाईंकडे आणि त्यांचं माझ्याकडे. आजवर एकदाही वेळ आलेली नाही, कारण आम्ही दोघंही हट्टी.

बस चालवताना आम्हाला एक शिस्त लावलेली असते. नुसतं बघायचं नाही, बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं. "उजवीकडे मोकळं!" "दार बंद!" ती सवय हाडात गेलीये. अजून मी घरातून निघताना शेगडीकडे बोट करून ओरडतो, "गॅस बंद!" खिडकीकडे बोट करून ओरडतो, "खिडकी बंद!" बसमध्ये निदान मागे माणसं असायची.

कामाला सुरुवात केली आणि नाकी नऊ आले. माझी बोटं म्हणजे केळी. स्टिअरिंगला बरी, पण या मुंगीच्या पायांना? चिमट्याने भाग उचलावा, तो उडून चटईत जावा, मग मी रांगत, भिंग डोळ्याला लावून, तोंडाने शिव्या. सुमिए फोटोतून बघत असायची. रोज सकाळी पहिला वाफाळता भात तिच्या फोटोसमोर ठेवतो, तेव्हा सांगायचो, "हसू नकोस. तुझ्या पोराचे उद्योग आहेत."

गोंद नसतो या कामात. प्रत्येक भागाला बारीक कान असतात. ते समोरच्या फटीतून पलीकडे काढायचे आणि मुरडायचे. कान एकदा मुरडला की धरतो. चुकलं म्हणून सरळ करून पुन्हा मुरडला तर कुरकुरत धरतो. तिसऱ्यांदा हात लावलात की तुटलाच. हे मी छपराचे चार कान तोडून शिकलो. त्या दिवशी इतका वैतागलो की चिमटा भिंतीवर फेकला आणि इसोबेबाई मुळ्याचं लोणचं घेऊन धावत आल्या.

"ड्रायव्हरसाहेब, पडलात की काय?"

"मी पडत नाही. चिमटा पडला."

"चिमटा पडल्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येतो?" मग टेबलावरचं पाहून म्हणाल्या, "अगं बाई, हे काय! बाहुलीचं घर खेळताय?"

"योमेईमोन आहे ते."

"अस्सं. मला वाटलं, डब्याचं झाकण चेपलंय."

बाईंची जीभ अशी आहे. पण त्या दिवसापासून रोज दुपारी यायच्या, चहा प्यायच्या आणि हरवलेले भाग शोधून द्यायच्या. त्यांची नजर घारीची.

हळूहळू हात बसला. छपरं चढली, माथ्यावरच्या कमानी वळल्या, कोरीव ड्रॅगन जागी बसले. उन्हाळा त्यात गेला, कळलंही नाही. सकाळी उठायला काहीतरी निमित्त होतं. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती. खांब तेवढे उरले. बारा खांब आणि प्रत्येकावर वेटोळ्यांची नक्षी.

खांब हातात घेतला आणि मला रेईजी आठवला.

सात वर्षांचा असेल. सुट्टीच्या दिवशी बापाने कुठे न्यायचं पोराला? मी आपला माझ्याच मार्गाच्या बसने, प्रवासी म्हणून, त्याला निक्कोला घेऊन गेलो. मोहरीच्या फुलांसारखा पिवळा स्वेटर होता त्याच्या अंगात, सुमिएने विणलेला, एक बाही जराशी लांब. दाराशी ही गर्दी. त्याला दिसेना म्हणून खांद्यावर घेतला. मी त्याला सांगितलं की यातला एक खांब मुद्दाम उलटा लावलाय, शोध बघू. मला स्वतःला तो कधी एका नजरेत सापडला नव्हता. रोज प्रवाशांना पाठ केलेलं सांगायचो तेवढंच. आणि या कार्ट्याने माझे केस ओढले, बोट दाखवलं आणि माझ्यासारखंच ओरडला, "तिकडे उलटा, बरोब्बर!" आजूबाजूची माणसं हसली. नक्षी खरंच उलटी होती.

"पण उलटा का लावला?" त्याने विचारलं.

"पूर्ण झालेली वस्तू त्याच दिवसापासून पडायला लागते. म्हणून सुतारांनी एक खांब उलटा ठेवला. म्हणजे काम अपुरं राहिलं. अपुरं आहे तोवर दार पडत नाही."

त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, "म्हणजे सुतारांना परत यावं लागणार?"

मी हसलो. म्हटलं, "यावंच लागेल."

घरी येईपर्यंत तो तेच घोकत होता. बसमध्ये माझ्या मांडीवर झोपला तेव्हासुद्धा त्याच्या तोंडात सुतारच होते.

अकरा खांब बसले. बारावा चिमट्यात धरला आणि मी थांबलो. हा बसला की काम पूर्ण. पूर्ण म्हणजे रेईजी येणार. येणार, बघणार, छान म्हणणार, जाणार. पुढे काय? पुढे सुमिएची सातव्या वर्षाची पूजा, नाहीतर माझी पहिली. सबंध उन्हाळा मी घाई करत होतो, आणि कशाची घाई, तर ते एकदाचं संपायची!

मग मी एकटाच हसलो. खांबाला वर-खाली सारखेच कान होते. फिरवला, उलटा बसवला, कान मुरडले. अगदी दर्शनी कोपऱ्यात, कुणालाही दिसेल असा.

दुपारी इसोबेबाई आल्या. वाकून बघितलं.

"चष्मा बदला, ड्रायव्हरसाहेब. हा खांब उलटा लागलाय."

मी चहा ओतत राहिलो. त्या पुन्हा वाकल्या. मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"अगं बाई! तो खांब! शाळेच्या सहलीत बाईंनी दाखवला होता तो! मुद्दाम लावलात?"

"काम अपुरं आहे," मी म्हटलं. "सुतारांना परत यावं लागणार."

रेईजीची आणि सुतारांची गोष्ट मग त्यांना सांगितली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लबाड आहात. पोराला सापळा लावलात."

"सापळा कसला? गंमत आहे."

"आणि नाही सापडला त्याला, तर? मी देऊ का एक खूण?"

"तोंड शिवून बसा. सातव्या वर्षी सापडला होता, आता न सापडायला काय झालं?"

रात्री फोन केला. "झालं," म्हटलं, "ये." पानगळीतल्या एका रविवारी येतो म्हणाला.

त्या रविवारपर्यंत मी काय काय बोलायचं ते पाठ केलं. तो म्हणणार, बाबा, हा खांब उलटा आहे. मी म्हणणार, मग काम अपुरं आहे. तो म्हणणार, मग सुतारांना परत यावं लागणार. आणि मी म्हणणार, यावंच लागेल. आरशासमोर उभा राहून म्हटलं, चेहरा हसरा न ठेवता. मला पटकन हसू फुटतं.

तो आला. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे, हे मला फोनवर कसं कळणार? हातात नागोयाच्या मिठाईचं खोकं. बूट काढता काढता म्हणाला, "संध्याकाळच्या गाडीचं परतीचं तिकीट आहे, बाबा. उद्या सकाळी मीटिंग." आईच्या फोटोसमोर बसला, उदबत्ती लावली, हात जोडले. मग घरभर हिंडला. फ्रिज उघडला, दुधाचा वास घेतला. न्हाणीघरात डोकावून पकडायला दांडी आहे का ते बघितलं. औषधांचा डबा हलवून बघितला. मी म्हटलं, "तपासणी झाली असेल तर बसा, साहेब."

तो हसला आणि टेबलापाशी आला.

पत्र्याच्या दारावर मी सुमिएचा रेशमी रुमाल टाकून ठेवला होता. काढला. खिडकीतून ऊन येत होतं, ते बरोबर छपरावर पडलं. मी जागा तशीच बघून ठेवली होती.

"बाबा!" तो म्हणाला. "हे तुम्ही केलंत? या हातांनी?"

मनापासून म्हणाला हो. मला कळतं. गालावर ऊन, डोळे मोठे, आणि क्षणभर तो पिवळा स्वेटर मला दिसलाच. त्याने फोन काढून चारी बाजूंनी फोटो घेतले. "पोरीला पाठवतो," म्हणाला. त्या कोपऱ्याचाही फोटो घेतला. मी पुढे सरकलो. म्हटलं, आता बोलेल. तो फोनमध्ये बघत राहिला.

मी ठरवलं, याला जरा एकटं सोडावं. बाप छातीवर उभा असला की माणूस नीट बघत नाही. म्हटलं, "बस तू. बघ नीट. मी इनारी करतो." गोड तोफूच्या पिशवीत भात भरायचा, सुमिएच्या हातचं त्याचं आवडतं खाणं. पिशव्या सकाळीच शिजवून ठेवल्या होत्या, भात तेवढा भरायचा होता. मी मुद्दाम वेळ काढला. एक-एक पिशवी बाळाला अंगडं घालावं तशी भरली. कान बाहेरच्या खोलीकडे. मध्येच तो स्वतःशी म्हणाला, "अरेच्चा!" मी भाताचा हात तसाच धरून उभा राहिलो. सापडला! सापडला त्याला!

ताट घेऊन बाहेर आलो. चेहरा घट्ट धरून ठेवला होता.

रेईजी चिमटा हातात घेऊन बसला होता. भिंग डोळ्याजवळ. बोटाला रक्त.

"बाबा, एक खांब उलटा लागला होता," तो म्हणाला. "केला मी सरळ. जाम चिवट आहे हो पत्रा, बोटच कापलं. पण बघा, आता एकदम पूर्ण झालं."

मी ताट खाली ठेवलं. बघितलं. बारा खांब, सगळे सारखे.

"रेईजी," मी म्हटलं, "तो खांब मुद्दाम..."

"हो, हो," तो म्हणाला, "मुद्दाम. मीही ऑफिसात चुकलो की असंच म्हणतो." हसत म्हणाला, अगदी प्रेमाने. लहान मुलाने भिंतीवर रेघोट्या ओढल्या की आपण छान हत्ती काढलास म्हणतो ना, त्या आवाजात. मग हसणं आवरून, चिमटा बाजूला ठेवून तो सरळ बसला. "बाबा, रागावू नका. पण याच गोष्टींची मला काळजी वाटते. नजर कमी झालीये तुमची. फ्रिजमधलं दूध जुनं आहे. आमच्या घराजवळ एक जागा आहे, बघून आलोय मी. स्वतंत्र खोली, जेवणखाण, चोवीस तास माणसं. इथे एकटं राहणं आता..."

काय सांगू तुम्हाला? एका वाक्याचं काम होतं. निक्को, माझे खांदे, तुझं बोट, सुतार. बोललो असतो तर तो ओशाळला असता, माफी मागितली असती, जागेचा विषयही गुंडाळला असता कदाचित. पण मी सांगितल्यावर त्याला आठवलं, तर ते त्याला आठवलं असं होत नाही ना. ते मी सांगितलं असं होतं. मला ते नको होतं. भीक मागितल्यासारखं ते घशाखाली उतरलं नसतं.

पण राग कुठेतरी निघायचाच. माझा राग कधी योग्य ठिकाणी निघालाय?

"आधी ते खा!" मी ओरडलो. "तास झाला उभा राहून करतोय! मिठाई घेऊन येतोस, जागा बघून येतोस, आणि ताटाला हात लावायला होत नाही?"

तो दचकला. मुकाट्याने एक इनारी उचलली. उचलताना भातावर रक्ताचा ठिपका पडला.

"थांब," मी म्हटलं. पट्टी आणली. पंचेचाळिशीचा बाप्या बोट पुढे करून बसला आणि मी पट्टी गुंडाळली. बोट सुमिएसारखं आहे त्याचं, लांब. पट्टी झाल्यावर मी ते जरा जास्तच वेळ धरून ठेवलं असेन, कारण तो म्हणाला, "झालं ना, बाबा?"

"झालं."

त्याने चार इनारी खाल्ल्या. आईसारख्या झाल्यात म्हणाला. जागेबद्दल मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "घाई नाही, विचार करा." त्याच्या तोंडी घाई नाही हे फार असतं. निघताना खोलीच्या दारात उभा राहून त्याने पत्र्याच्या दाराकडे पुन्हा एकदा पाहिलं. अजूनही वेळ होती. तो म्हणाला, "पुढच्या वाढदिवसाला हिमेजीचा किल्ला पाठवतो. तो याच्या दुप्पट आहे. वर्षभराची निश्चिंती!"

बसथांब्यापर्यंत पोचवायला गेलो. बस वेळेवर आली, ड्रायव्हर माझ्याच हाताखाली शिकलेला, त्याने टोपीला हात लावला. रेईजी चढला, खिडकीशी बसला, हात हलवला. पट्टीवाला हात. बस हलली तसं त्याने डोकं खाली घातलं, फोनच असणार. मी सवयीने रस्त्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हटलं, "मागे मोकळं!" थांब्यावरची एक बाई माझ्याकडे बघत राहिली.

घरी येऊन दिवा न लावता टेबलाशी बसलो. खिडकीतून अजून उजेड होता. त्या खांबाचा प्रत्येक कान मी एकदा मुरडला होता. रेईजीने सरळ करून पुन्हा मुरडला. आता पुन्हा उलटा करायला मी हात लावला तर तिसऱ्यांदा. काय होणार, हे छपराने मला शिकवलं होतंच. तरी लावला. खालचा कान सरळ झाला आणि चिमट्यातच राहिला, आवाजसुद्धा न करता. वरचाही तसाच. खांब टेबलावर पडला आणि घरंगळत ताटाला जाऊन लागला. ताटात त्याच्या उरलेल्या इनारी होत्या.

दाराच्या दर्शनी कोपऱ्यात भोक. आता ते ना सुलट ना उलट. मी मोठ्याने ओरडलो. शब्द नव्हते त्याला, नुसतं ओरडलो. सुमिए गेल्यापासून मी एकटा राहतो, जेवतो, झोपतो, स्वतःशी बोट दाखवून बोलतो, त्याचं मला काही वाटत नव्हतं. त्या संध्याकाळी वाटलं. निक्कोला त्या दिवशी खांद्यावर तो होता आणि खाली मी होतो, हे आता जगात माझ्या एकट्याला माहीत आहे. मी गेलो की ते घडलंच नाही.

सकाळी मी उठलो नाही. जाग होती. छताकडे बघत पडून होतो, खांब मुठीत. रात्री कधीतरी मुठीत घेतला असेन. बाहेर शाळेची पोरं गेली, कचऱ्याची गाडी गेली. मग दारावर अशी थाप पडली की कप खणखणले.

"हानावा! हानावा, दार उघडा!" ड्रायव्हरसाहेब नाही, हानावा. आवाज चिरकलेला. "फडकं नाही तुमचं! ऐकू येतंय का? मी माणसं बोलावते हां!"

मी उठून दार उघडलं. इसोबेबाई उभ्या होत्या, पायात दोन वेगळ्या चपला, हातात लोणच्याची वाटी. मला उभा पाहिला आणि त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

"मेलात की काय वाटलं मला!" त्या म्हणाल्या. "ही काय रीत झाली? माझ्या वयाला असली धावपळ झेपते का?"

"झोप लागली. काल दमणूक झाली."

"लागणारच. पोरगा आला होता ना." त्यांचा श्वास जरा बसला आणि डोळ्यांत नेहमीची घार परत आली. खोलीत नजर गेली. टेबलावर दार होतं, सुमिएच्या रुमालाखाली झाकलेलं. "मग? सांगा की! मी कालपासून जीव मुठीत धरून बसलेय. सापडला का खांब?"

माझी मूठ मी पाठीमागे घेतली. पत्रा तळव्यात रुतत होता.

"सापडला तर," मी म्हटलं. "बूट काढले, आत आला, आणि टेबलापाशी जायच्या आधीच बोट दाखवलं. तिकडे उलटा, बरोब्बर, म्हणाला."

"काय सांगता!"

"मी म्हटलं, मग काम अपुरं आहे."

"मग? मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, मग सुतारांना परत यावं लागणार."

इसोबेबाईंनी तोंडावर हात घेतला. डोळे भरून आले त्यांचे. खरंच भरून आले. दुसऱ्याच्या पोरासाठी कुणी एवढं रडतं का? "तुमचं पोरगं गुणाचं हो," म्हणाल्या. "माझ्या पोराला माझा वाढदिवससुद्धा आठवत नाही. दाखवा ना पुन्हा एकदा तो खांब."

"नंतर. धूळ बसते, उघडत नाही सारखं."

त्या रुमालाकडे बघत राहिल्या. मग ताटाकडे, ताटातल्या सुकलेल्या इनारींकडे. मग पाठीमागे गेलेल्या माझ्या हाताकडे. त्यांनी लोणच्याची वाटी टेबलावर, दारापासून लांब ठेवली. गच्चीत जाऊन माझं पिवळं फडकं कठड्याला बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली आणि परत आल्या.

"कधी येतोय मग पुन्हा?" त्यांनी विचारलं, माझ्याकडे न बघता.

"तारीख नाही ठरली," मी म्हटलं. "पण खांब उलटा आहे ना. यावंच लागेल."